पुन्हा पहिल्यापासून

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू फोन उचलत नाहीस आणि ई-मेलला हात लावत नाहीस, तेव्हा तुझ्याशी बोलायचं तर कागदच हवा. हरकत नाही. सध्या माझ्याकडे वेळ सोडून दुसरं फारसं काही नाही.

नोकरी सोडली त्याला चौदा महिने झाले. व्हिडिओ गेम जवळजवळ तयार आहे. मागे तू विचारलं होतंस, "म्हणजे ते गोळ्या घालायचं?" नाही गं. यात एक होडीवाली आहे. ती माणसांना या काठावरून त्या काठावर नेते आणि माणसं तिला आपापलं सांगतात. कुणीही मरत नाही. चित्रं माझी मैत्रीण काढते, बाकी सगळं मी. ऑफिस म्हणजे आमची मागची खोली, जिथे आई इस्त्रीचे कपडे ठेवायची. अजूनही ठेवते.

घोडं अडलंय ते संगीतावर. एका संगीतकाराने दर सांगितला. मला वाटलं पूर्ण गेमचा सांगतोय, म्हणून मी आनंदाने "चालेल" म्हणाले. तो मिनिटाचा दर होता. दुसरा म्हणाला, फुकट करतो, पण विक्रीतला अर्धा वाटा माझा. तिसऱ्याने संगणकाकडून वीस धुना काढून घेतल्या आणि पाठवल्या. ऐकताना वाटलं, दंतवैद्याच्या बाहेर बसलेय. शेवटी इंटरनेटवर 'फुकट, कुणीही वापरा' असं लिहिलेली एक छान धून सापडली. ती लावून आम्ही गेमची झलक टाकली. तिसऱ्या दिवशी कुठल्याशा कंपनीची नोटीस आली, की धून आमची आहे, झलक काढा. झलक गेली, तिच्याखाली लोकांनी लिहिलेले चांगले शब्दही गेले. मैत्रीण रडली. मी कानाला खडा लावला. आता जिचा मालक मला माहीत नाही, ती धून मला नको.

तू इतकी वर्षं मुलांना व्हायोलिन शिकवतेस. तुझ्या ओळखीत आहे का कुणी, थोडक्यात वाजवून देईल असं? एक धून मिळाली तरी पुरे. नदीकाठी एक प्रतीक्षागृह आहे, खेळणारा तिथे बसला की ती वाजेल.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. संगीत म्हटलं की त्यांचं डोकं दुखतं, हे तुला माहीतच आहे. सत्तावीस वर्षांची झाले, घरात रेडिओ नाही. सगळं काम हेडफोन घालून चालतं.

तुझी,
खारू


१३ फेब्रुवारी

खारूताई,

पत्र मिळालं. मिनिटाच्या दराचं वाचून हसले, मग वाईट वाटलं. माझ्या ओळखीचे वाजवणारे आता एक तर महाग झालेत, नाही तर म्हातारे.

पार्सलमध्ये एक कॅसेट आहे. वाजवायचं यंत्र तुझं तू शोध. पहिल्या बाजूवरची तिसरी धून ऐक. पियानो, क्लॅरिनेट, बास आणि ड्रम. चौघं हौशी होते, पण हौशी म्हणून कुणी नाव ठेवावं असे नव्हते. पैसे कुणी मागणार नाही.

मात्र वाजवणारे कोण, ते विचारू नकोस. आणि तुझ्या बाबाच्या कानावर हे पडू देऊ नकोस. अगदी चुकूनसुद्धा.

मी ती एकतीस वर्षांत दोनदाच ऐकली. फीत झिजेल, असं स्वतःला सांगत आले. पण कपाटात ठेवून तरी ती कुणासाठी राखायची? मी एकसष्ट वर्षांची आहे. वाटलं, ओळखपाळख नसलेल्या माणसांनी का होईना, कुणीतरी ऐकावं.

आईला नमस्कार सांग.

आत्या


१ मार्च

आत्या!

कॅसेटप्लेअरसाठी चार भंगारवाले पालथे घातले. मिळाला त्याचं झाकण नव्हतं, म्हणून फीत बोटाने दाबून धरली आणि धून संगणकात उतरवून घेतली. मी आणि मैत्रीण एक-एक हेडफोन कानात घालून बसलो होतो. संपल्यावर तिने कानातला हेडफोन काढला. मग ती म्हणाली, "हीच."

तो क्लॅरिनेटवाला कोण गं? तुझी अट पाळतेय, पण तरीही विचारतेय. असं वाटतं की माणूस काहीतरी गमतीचं सांगायला आलाय आणि सांगता सांगता त्याचा गळा दाटून येतोय. आणि पियानो त्याला सांभाळून घेतो, लहान भावाचं बोट धरल्यासारखा.

धून आहे दोन मिनिटं चाळीस सेकंदांची. पण प्रतीक्षागृहात खेळणारा किती वेळ बसेल ते आम्हाला ठाऊक नसतं. म्हणून मी तिचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जोडलं. आठवडा गेला त्या सांध्यात. आता तो कळतच नाही. खेळणारा उठून दाराबाहेर जाईपर्यंत धून संपत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

एकच अडचण आहे. गेम विकायला ठेवायचा तर धून कुणी बांधली, कुणी वाजवली, त्यांची परवानगी आहे का, हे लेखी लागतं. एकदा तोंड पोळलंय. नावं सांग ना.

खारू


९ मार्च

खारू,

लिही की कॅसेट माझी आहे आणि परवानगी मी देते. सही करून कागद सोबत ठेवला आहे. वाजवणाऱ्यांच्या जागी 'हौशी वाद्यवृंद' लिही. हक्क सांगायला कुणी येणार नाही, हा माझा शब्द.

सांधा जोडलास हे वाचलं. तो न जोडता भागणार नाही का?

आत्या


२२ मार्च

आत्या,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

परवा सकाळी मैत्रीण आली होती. तिचा हेडफोन बंद पडला, म्हणून आम्ही धून स्पीकरवर लावली, अगदी बारीक आवाजात. बाबा कामावर गेले होते. पण त्या दिवशी ज्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायची होती तिथली वीजच गेली, आणि ते परत आले. आम्हाला कळलं नाही. मी मान वळवली तर ते दारात उभे.

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले नाहीत. तसेच उभे राहिले, डबा हातात. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. आणि आत्या, त्यांची बोटं डब्यावर हलत होती. एकेक करून उठत होती, पडत होती. मी खुळ्यासारखी बघत राहिले. स्पीकर बंद करायचं सुचलंच नाही.

मग धून संपली आणि सांध्यावरून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"बाहेर!" बाबा ओरडले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "बाहेर व्हा! सगळे बाहेर!" त्यांनी मैत्रिणीचा दंड धरून तिला जिन्याकडे ढकललं. तिच्या दंडावर चार बोटं उमटली आहेत. आईला स्वयंपाकघरातून ओढून आणलं, तिचे हात पिठाने भरलेले. मग वरच्या मजल्यावर धावले आणि दारं बडवत सुटले. तीन मजल्यांची आमची इमारत पाच मिनिटांत रस्त्यावर. वरचे आजोबा एका पायात मोजा घालून. सगळे वर बघतायत, धूर कुठाय म्हणून. कुठेही काही नाही.

"अहो, आग लागलीय कुठे?" कुणीतरी विचारलं.

बाबा बोट नाचवत आम्हाला मोजत होते. संपलं की पुन्हा मोजायचे. मोजता मोजता फूटपाथवर खाली बसले.

दोन दिवस झाले, कामावर गेले नाहीत. कुणाशी बोलत नाहीत. आईने डॉक्टरांना बोलावलं तर त्यांच्याकडे पाठ करून बसले. काल संध्याकाळी मला एवढंच म्हणाले, "ती कॅसेट ताईने जाळली होती ना?"

आत्या, का जाळायची होती? कोण आहेत ही माणसं?

खारू


२७ मार्च

खारू,

क्लॅरिनेट तुझा बाबा वाजवतोय.

धूनही त्यानेच बांधलेली. तू मालकाचं नाव मागत होतीस आणि तो मालक भिंतीपलीकडे बसून जेवत होता. मी तुझ्याशी खोटं वागले. पण मला नवऱ्याचा पियानो कुणालातरी ऐकवायचा होता. हो, पियानोवर तुझे आतोबा आहेत. तुला 'अपघातात गेले' एवढंच माहीत आहे. आता सगळं ऐक.

चौघांचा वाद्यवृंद होता. एका कारखान्याच्या वार्षिक मेळाव्यात त्यांना बोलावलं होतं. रविवारची दुपार. हॉल पहिल्या मजल्यावर, खाली रंगाचं गोदाम. मला ताप होता म्हणून मी घरी होते. ही धून वाजत असताना खाली आग लागली. हॉलच्या व्यवस्थापकाला धूर दिसला, आणि त्याने तुझ्या बाबाला येऊन सांगितलं, "वाजवत राहा, नाही तर लोक घाबरतील." त्यांनी धून पुन्हा पहिल्यापासून घेतली. संगीत चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजून माणसं नाचत राहिली. दुसऱ्यांदा ती संपली तेव्हा जिना पेटला होता. चौदा माणसं गेली. तुझे आतोबा लोकांना मागच्या दाराने काढत होते, ते आलेच नाहीत.

चौकशीत तुझ्या बाबाने हे सांगितलं. व्यवस्थापक नाही म्हणत राहिला, पण ऐकणारे, म्हणजे वाद्यवृंदातले बाकीचे तिघं, कुणी उरलेच नव्हते. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. सुटून आला आणि दोन वर्षांत मेला. त्याची मुलगी माझ्याच गावात चष्म्याचं दुकान चालवते. मी चष्म्यासाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला जाते. तिची आई एकदा माझ्या दारात आली होती, "ह्यांनी तसं केलं नाही हो" म्हणाली. मी तिच्या तोंडावर दार लावलं.

तुझ्या बाबाने क्लॅरिनेट मोडून टाकलं आणि माझ्याकडून वचन घेतलं की कॅसेट जाळीन. मी हो म्हणाले. जाळवली नाही. तू ती धून जोडलीस, आणि त्याने ती दुसऱ्यांदा सुरू होताना ऐकली. दुसऱ्यांदा, खारू.

त्याला सांग, ताईने तुला कधीच दोष दिला नाही.

आत्या


६ एप्रिल

ताई,

मुलीने तुझा निरोप सांगितला. 'कधीच दोष दिला नाही.' हे वाक्य मी एकतीस वर्षं टाळत आलो. म्हणून तुझ्याकडे येत नव्हतो. तुला वाटलं असेल, मला तुझं दुःख बघवत नाही. तसं नव्हतं.

व्यवस्थापक आला होता, हे खरं. धून संपत आली होती. तो स्टेजच्या कडेने वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "खालून धूर येतोय. हे संपलं की थांबा, आणि लोकांना मागच्या दाराने काढायला सांगा." थांबा म्हणाला, ताई. वाजवा नाही म्हणाला.

मी मान हलवली. तो मागचं दार उघडायला पळाला. धून संपली. समोर बघितलं तर अख्खा हॉल नाचत होता. आमच्या धुनेवर आजवर कुणी उठलंसुद्धा नव्हतं. आणि ही तर माझी होती, मी बांधलेली पहिली. लोक टाळ्या वाजवत "पुन्हा, पुन्हा" ओरडत होते. पुन्हा घ्यायची असली की मी क्लॅरिनेट वर उचलायचो, ती आमची खूण. दाजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, जरासा धूर तर आहे. अडीच-पावणेतीन मिनिटांनी काय होणार?

मी क्लॅरिनेट वर उचललं.

पुढचं तुला माहीत आहे. एवढं माहीत नाही की मी स्टेजमागच्या लहान दाराने बाहेर आलो तेव्हा क्लॅरिनेट माझ्या हातात होतं. त्या हातात एखादं माणूस असू शकलं असतं.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "तुम्हाला वाजवत राहायला कुणी सांगितलं?" त्यांनी प्रश्नच असा विचारला की कुणीतरी सांगितलं असणार. तू समोरच्या बाकावर बसली होतीस. तुझ्याकडे बघून 'कुणी नाही, मीच' असं म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, 'व्यवस्थापकाने'. एकच शब्द. तो परत घेता येईल असं चार दिवस वाटलं, मग चार महिने, मग तो माणूस आत गेला.

घरात सांगितलंय. बायकोने ऐकून घेतलं आणि उठून गेली. मुलगी माझ्याकडे बघत नाही. तू काय करायचं ते तू ठरव.

धाकटा


१९ मे

धाकट्या,

तुझं पत्र येऊन सहा आठवडे झाले. पहिल्या दिवशी वाचलं, दुपारच्या शिकवणीला बसले, तर मुलांच्या हातातले गज वरखाली होताना दिसत होते आणि ऐकू काही येत नव्हतं. मुलांना घरी पाठवलं. त्यानंतर शिकवण्या बंद आहेत.

व्यवस्थापकाच्या बायकोच्या तोंडावर मी दार लावलं होतं. ती खरं बोलत होती. ती दोन वर्षांपूर्वी वारली, हे मला परवा कळलं.

तुला माफ करावं की नाही, यावर मी विचार करून थकले. ते बाजूला ठेव. ते आपल्या घरातलं आहे. जे घराबाहेरचं आहे ते आधी. शनिवारच्या रात्रीच्या गाडीने ये. त्या मुलीच्या दारात तू उभा राहशील आणि मी तुझ्या शेजारी उभी राहीन, कारण तिच्या आईचं मीही देणं लागते. येणार नसशील तर हे पत्र फाडून टाक आणि यापुढे मला लिहू नकोस.

कॅसेट घेऊन ये.

ताई


२ जून

खारू,

तू विचारतेस, बाबा पोचले का, काय झालं, आणि धून गेममधून काढून टाकू का. एकेक सांगते.

पोचला. अकरा वर्षांनी बघितलं मी त्याला. बसमधून उतरला तेव्हा आधी ओळखलंच नाही, वाटलं आमचे वडीलच उतरतायत. तसेच तिच्या दुकानाकडे चालत गेलो. रविवार होता, दुकान बंद. ती वरच राहते. पंचेचाळिशीची असेल, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मला बघून म्हणाली, "चष्म्याचं काम असेल तर उद्या या." मी म्हटलं, "चष्म्याचं नाही. तुमच्या वडिलांचं." ती बाजूला झाली.

बाबाने उभ्या उभ्या सांगितलं. काही गाळलं नाही. ती टेबलाची कड धरून ऐकत होती. त्याचं झाल्यावर म्हणाली, "पुन्हा सांगा." त्याने पुन्हा सांगितलं, सगळं, त्याच शब्दांत. मी तिच्या चेहऱ्याकडे बघूच शकले नाही. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. शाळेत तिच्या बाकावर कुणी बसत नसे, हे तिने मध्येच सांगितलं, रागाने नाही, आपलं माहिती दिल्यासारखं.

मग म्हणाली, "ती धून आहे का तुमच्याकडे?"

तिच्याकडे जुना टेपरेकॉर्डर होता, वडिलांचाच. लावली. आम्ही तिघं उभेच. पियानो सुरू झाला तशी मी खुर्चीची पाठ धरली, पण बसले नाही. तिने विचारलं, "धून कुठे असताना माझे वडील आले?"

बाबाने हात वर केला. धून पुढे जात होती, तो तसाच हात वर धरून ऐकत होता. मग हात खाली आणला. "इथे."

तिथून शेवटापर्यंत वीसेक सेकंद होते. टेप थांबली. ती म्हणाली, "म्हणजे विचार करायला वेळ होता."

"हो," बाबा म्हणाला.

तिने ड्रॉवरमधून दुकानाचा छापील कागद काढला आणि मागची कोरी बाजू वर करून टेबलावर ठेवला. "लिहून द्या." तो लिहायला बसला. पाऊण तास लागला. त्याने 'हॉलचे व्यवस्थापक' असं लिहिलं होतं, तिथे तिने बोट ठेवलं. "माझ्या वडिलांचं नाव पूर्ण लिहा." त्याने लिहिलं. लिहिताना ते मोठ्याने उच्चारलं. एकतीस वर्षांत मी ते नाव त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं, माझ्या तोंडीही फक्त शिवी म्हणून असायचं.

कागदाचं काय करणार, ते तिने सांगितलं नाही. "वर्तमानपत्रात देईन, कोर्टात देईन, नाही तर आईच्या फोटोमागे ठेवीन. ते माझं मी बघीन." मी हात जोडून तिच्या आईबद्दल बोलायला लागले, तर म्हणाली, "आज नको. आज एकाचंच ऐकवतंय." बरोबर बोलली. मी पुन्हा जाईन.

आता धुनेचं. बाबाने परवानगीवर सही केली आहे, कागद सोबत आहे. पियानोवाल्याचं नाव आधी घाल. पण दारात त्या मुलीला मी विचारलं होतं, की ही धून माझ्या भाचीला हवी आहे, तुमची हरकत आहे का. ती म्हणाली, "संपली की थांबा, एवढंच सांगायला आले होते ना ते?" तेव्हा तू जोडलेला सांधा काढून टाक. धून एकदाच वाजू दे आणि संपू दे. नंतर कुणी तिथे बसून राहिलंच, तर नुसतं बसू दे.

बाबा अजून इथेच आहे. तुझ्या आईला सांग, गुरुवारी निघेल, आणि तिला त्याच्याशी बोलायचं नसेल तर नको बोलू देत, पण दार उघडू दे. घरी आल्यापासून तो बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसून होता. आत्ता ताट वाढलं तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "ताई, मी आता तुझा भाऊ आहे की नाही?"

मी म्हटलं, "अजून ठरलं नाही माझं. तू जेवून घे."

आत्या